आसऱ्याला वयाची अट नसावी

आज 20 डिसेंबर, संत गाडगेबाबांची पुण्यतिथी. 1956 साली याच तारखेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, अमरावतीजवळ वलगावला बाबांनी देह ठेवला. आज गावोगावी रस्ते झाडले जातील, प्रतिमापूजन होईल, शाळांत भाषणे होतील. ते व्हायलाच हवे. पण खराटा ही बाबांची सकाळ होती. रात्री कीर्तनात लोकांच्या काळजाला हात घालून त्यांनी जो पैसा उभा केला, तो पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथल्या धर्मशाळांत गेला. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातलगांना डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून गेला. आंधळ्या-पांगळ्यांच्या, महारोग्यांच्या, थकल्या-भागल्या म्हाताऱ्यांच्या पंगतींत गेला. अंगावर चिंध्या आणि हातात गाडगे एवढाच ज्याचा संसार, त्या माणसाने हजारोंसाठी घरे बांधली. ज्याचे कोणी नाही त्याला आसरा, या त्यांच्या शिकवणीचे महाराष्ट्रात आज काय झाले आहे, हे तपासण्याचा हा दिवस आहे.

त्यासाठी फार लांब जायला नको. बाबांच्याच अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यात, परतवाड्यापासून जवळ सातपुड्याच्या पायथ्याशी वझ्झर नावाचे गाव आहे. तिथे अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने मतिमंद, मूकबधिर, बेवारस मुलांचे बालगृह आहे. शंकरबाबा पापळकर ते चालवतात. ‘देवकीनंदन गोपाला’ नावाचे नियतकालिक काढणारा, गाडगेबाबांच्या विचारांनी झपाटलेला हा माणूस पत्रकारिता करता करता या कामाकडे वळला आणि तीन दशकांहून अधिक काळ त्यातच राहिला. रेल्वे स्थानकांवर, बसस्टँडवर, कचराकुंड्यांत सापडलेली दिव्यांग मुले पोलिसांच्या आणि बालकल्याण समितीच्या हातून त्यांच्याकडे येत गेली. अशा 123 मुलांना त्यांनी बाप म्हणून स्वतःचे नाव दिले. या कामासाठी 2024 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आज ते ऐंशीच्या पुढे आहेत.

यातल्या एका मुलीची गोष्ट महाराष्ट्राने वर्तमानपत्रांत वाचली आहे. जळगावच्या रेल्वे स्थानकावर कचराकुंडीत ती सापडली. डोळ्यांना दृष्टी नव्हती. वझ्झरला ती वाढली, ब्रेल शिकली, महाविद्यालयात गेली आणि 2024 मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण वझ्झरचे मोठेपण तिच्या यशाने मोजायचे नाही. त्याच आवारात अशीही मुले आहेत, जी आयुष्यात कोणतीच परीक्षा देणार नाहीत. त्यांना स्वतःचे नाव सांगता येत नाही, घास कोणीतरी भरवावा लागतो. परीक्षा पास झालेली मुलगी आणि आयुष्यभर भरवावी लागणारी मुलगी, दोघींच्या नावापुढे बापाचे नाव एकच आहे. या घराची थोरवी इथे आहे.

आणि या घराचे सरकारी नियमांशी भांडणही इथेच आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 या कायद्याप्रमाणे 18 वर्षे पूर्ण झाली की मूल हे मूल राहत नाही आणि त्याने बालगृह सोडायचे असते. त्यानंतर 21व्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या देखभालीची, सोय आहे. अगदी अपवाद म्हणून ती आणखी दोन वर्षे वाढू शकते. धडधाकट तरुणालाही ही मुदत अपुरीच पडते. घर नाही, जामीन राहणारे कोणी नाही, भाड्याची खोली कोणी देत नाही, अशा अवस्थेत त्याने पायावर उभे राहायचे. पण त्याला निदान पाय आहेत. ज्याचे शरीर अठराचे आणि समज तीन वर्षांच्या मुलाची, ज्याला सेरेब्रल पाल्सीमुळे कूसही बदलता येत नाही, ज्या मुलीला पाळी आली तरी काय झाले ते उमगत नाही, त्यांनी वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कुठे जायचे?

या वाढदिवसाचीही एक कथा आहे. उकिरड्यावर सापडलेल्या मुलाला जन्मदाखला नसतो. मग जिल्हा रुग्णालयात त्याची हाडे आणि दात पाहून वयाचा अंदाज बांधला जातो आणि त्या अंदाजावरून एक जन्मतारीख कागदावर लिहिली जाते. डॉक्टरही जाणतात की त्यात वर्ष-दोन वर्षे इकडची तिकडे असू शकतात. पण एकदा कागदावर चढलेली ती तारीख पुढे मुलाचे नशीब ठरवते. अंदाजाने आलेल्या तारखेला अठरा भरतात आणि त्या तारखेला हक्काचे छप्पर संपते.

शंकरबाबांनी हा नियम मनाने कधीच मान्य केला नाही. त्यांचे म्हणणे अगदी साधे आहे. बापाच्या घरातून लेकरू वय वाढले म्हणून बाहेर काढत नाहीत. दिव्यांग अनाथांचे पुनर्वसन आजन्म असले पाहिजे आणि तसा कायदा झाला पाहिजे, ही मागणी ते वर्षानुवर्षे करत आले आहेत. मुले मोठी झाली तशी त्यांनी काहींची लग्ने लावून दिली, ज्यांना काम जमते त्यांना कामाला लावले, बाकीच्यांना घरातच ठेवले. मुलांच्या हातून झाडे लावून घेतली आणि उजाड आवार हिरवे केले. एका माणसाने आपल्या हिमतीवर जे केले, त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळायला हवे होते. अजून ते मिळालेले नाही.

अशा घरात दिवस कसा जातो, हे एकदा नीट पाहायला हवे. पहाटे पाचला पाणी तापते. रात्रभर ओली झालेली अंथरुणे निघतात, चादरी भिजत पडतात. ज्यांना उठता येत नाही त्यांना दोघी मावशी मिळून उचलतात. एक मानेखाली हात घालते, दुसरी गुडघ्यांखाली. पाठीवर लालसर डाग दिसतो का, हे अंघोळीच्या वेळीच पाहावे लागते, कारण शय्याव्रणाची सुरुवात तिथूनच होते. म्हणून दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलायची. नाश्त्याला मऊ भात किंवा पेज. गिळता न येणाऱ्या मुलाला आडवे ठेवून भरवले तर अन्न श्वासनलिकेत जाते, म्हणून त्याला टेकवून बसवायचे, हनुवटी थोडी खाली धरायची, चमचा अर्धाच भरायचा आणि घोट गळ्याखाली उतरल्याची खात्री झाल्यावर पुढचा द्यायचा. एका मुलाच्या वाटीभर पेजेला अर्धा तास लागतो. त्यानंतर फिट्सच्या गोळ्या. एक वेळ चुकली तर दुपारी झटके येऊ शकतात. बोलता येत नसल्याने दुखते कुठे ते मूल सांगत नाही. त्याच्या रडण्याचा सूर, आवळलेल्या मुठी, नाकारलेला घास यांवरून मावशींनी ओळखायचे. हे ज्ञान कोणत्याही पदवीत मिळत नाही आणि त्याला मिळणारा पगार सांगायची लाज वाटावी इतका कमी असतो.

अशा आश्रमांच्या दारात दुसरीही माणसे येतात. ती वयाच्या दुसऱ्या टोकाला असतात. कोणाला सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात दाखल करून घरचे निघून गेलेले असतात, आणि दिलेला फोन नंबर लागत नसतो. कोणाला तीर्थक्षेत्री दर्शनाला म्हणून आणलेले असते आणि बरोबरची माणसे गर्दीत नाहीशी झालेली असतात. कोणी स्टेशनच्या बाकावर दोन-तीन दिवस बसलेले पोलिसांना दिसते. प्रवेशाच्या रजिस्टरात नाव, गाव, वय, आणले कोणी, असे रकाने असतात. पुष्कळदा त्यातले दोनच भरता येतात. एखाद्या आजीला आपल्या गावचे नाव आठवत नाही, पण नदीला पूर आला की देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी चढायचे हे बरोबर आठवते. एखादे आजोबा मुलांची नावे सांगतात, शिक्षण सांगतात, नोकऱ्या सांगतात, आणि पत्ता विचारला की गप्प होतात. तो त्यांना ठाऊक असतो. पण पोरांच्या दारात पोलीस जावेत हे बापाला नको असते.

कायद्याने यांचीही दखल घेतली आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम 2007 साली आला. मुलांकडून निर्वाहभत्ता मागण्याचा हक्क त्याने दिला आणि त्याची मर्यादा दरमहा 10 हजार रुपये ठेवली. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, मुलांनी अट मोडली तर परत मिळवण्याचा मार्ग दिला. ज्येष्ठाला टाकून देणे हा गुन्हा ठरवून तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्यागणिक किमान एक, दीडशे जणांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्य सरकार काढू शकते, असेही त्यात लिहिले आहे. ‘काढू शकते’, ‘काढलाच पाहिजे’ असे नाही. महाराष्ट्राचे 36 जिल्हे धरले आणि प्रत्येक जिल्ह्यात असा आश्रम निघाला, तरी 5,400 जागा होतात. 2011च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे 10 कोटींहून अधिक होती, आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होते. त्यातल्या अगदी थोड्यांनाच आश्रमाची गरज लागेल असे मानले, तरी हा आकडा अपुरा आहे.

आता या दोन कायद्यांच्या मधली जागा पाहा. मूल असेपर्यंत, म्हणजे अठरापर्यंत, बालगृह आहे. साठीनंतर वृद्धाश्रमाची तरतूद आहे. आईबाप नसलेल्या, स्वतःचे स्वतः करता न येणाऱ्या माणसाने अठरा ते साठ ही बेचाळीस वर्षे कुठे काढायची? याचे उत्तर या दोन्ही कायद्यांत नाही. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आणि पुढे ‘घरौंदा’ नावाची प्रौढांच्या निवासाची योजनाही आणली. कल्पना उत्तम, पण तिचा विस्तार गरजेच्या मानाने फारच तोकडा राहिला. परिणामी बालगृहाच्या चालकापुढे दोनच वाटा उरतात. नियम पाळून लेकराला रस्त्यावर सोडायचे, नाहीतर नियम मोडून घरात ठेवायचे आणि अनुदानाच्या यादीबाहेर गेलेल्या त्या माणसाचे पोट लोकवर्गणीवर भरायचे. भल्या माणसाला चांगले वागण्यासाठी नियम मोडावा लागत असेल, तर दुरुस्ती नियमात व्हायला हवी.

पैशाचे गणितही मांडून पाहू. इंदिरा गांधी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत 60 ते 79 वयाच्या गरीब ज्येष्ठासाठी केंद्राचा वाटा दरमहा 200 रुपये आहे, ऐंशीनंतर 500. तीव्र दिव्यांग व्यक्तीसाठी तो 300 आहे. वर्षे लोटली तरी हे आकडे जागचे हललेले नाहीत. महाराष्ट्र सरकार आपला वाटा घालून श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेत ही रक्कम दीड हजारांवर नेते, आणि दिव्यांगांसाठी अलीकडे त्यात वाढही झाली आहे. पण संजय गांधी योजनेचा अर्ज करायचा तर पंधरा वर्षे राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. फलाटावर सापडलेली, एक शब्दही न बोलणारी बाई तो कुठून आणणार? आधारसाठी बोटांचे ठसे घ्यायला गेले तर आखडलेली बोटे यंत्रावर टेकत नाहीत. डोळ्यांची प्रतिमा घ्यायची तर नजर स्थिर राहत नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तिला गाडीत घालून जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावे लागते, तिथे रांगेत धरून ठेवावे लागते आणि एखादा तज्ज्ञ त्या दिवशी नसला तर सगळे पुन्हा करावे लागते. ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याकडेच कागद सर्वांत कमी. आपल्या योजना कागद असलेल्यांसाठी लिहिलेल्या आहेत.

खरे तर नवा कायदा मागण्याआधी हातात असलेला कायदाही पुरेसा बोलका आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य झाले. त्याचे कलम 24 सांगते की ज्यांना कुटुंब नाही, ज्यांना टाकून देण्यात आले आहे, ज्यांना निवारा किंवा उपजीविकेचे साधन नाही, अशा दिव्यांग व्यक्तींसाठी सरकारने सोयी उभाराव्यात. तिथे वयाची अट नाही. इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा दिव्यांगांना किमान 25 टक्के अधिक रक्कम द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. फक्त एक पळवाट ठेवली आहे, ती ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ या शब्दांची. महाराष्ट्राने 2022 मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापला. असा स्वतंत्र विभाग काढल्याचा आपण अभिमान बाळगतो. तो अभिमान खरा करायचा तर या विभागाने सर्वांत आधी याच लोकांकडे पाहावे. त्यांच्या बाजूने मोर्चा काढायला आईबाप नाहीत आणि त्यांच्यातल्या अनेकांचे नाव मतदार यादीतही नाही.

टाकलेल्या माणसाला घर द्यायचे हे महाराष्ट्राला नवे नाही. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. 1875 मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रम उभारला आणि तो दीर्घकाळ चालला. बाबा आमट्यांच्या आनंदवनात कुष्ठरुग्णांच्या शेजारी अंध, मूकबधिर, अपंग आणि वृद्ध एकत्र नांदले. ज्याला दिसत नाही त्याने कातायचे, ज्याला ऐकू येत नाही त्याने विणायचे, ज्याला चालता येत नाही त्याने बसून हिशेब ठेवायचा, अशी ती वसाहत होती. नगरजवळ शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या माउली सेवा प्रतिष्ठानात रस्त्यावरून आणलेल्या मनोरुग्ण स्त्रिया आणि त्यांची मुले एका छपराखाली राहतात. अशा ठिकाणी माणसांची वयाप्रमाणे आणि व्याधीप्रमाणे वाटणी झाली नाही. जिथे म्हातारी माणसे आणि दिव्यांग मुले एकत्र राहतात, तिथे दिसणारी गोष्ट अशी की आजी-आजोबांना पुन्हा कोणाची तरी वाट पाहायला मिळते. हात थरथरत असले तरी मांडीवर डोके ठेवलेल्या मुलाला थोपटता येते. बौद्धिक दिव्यांग तरुण आजोबांची व्हीलचेअर ढकलतो आणि त्या कामाचा त्याला अभिमान वाटतो. शासनाच्या दफ्तरात मात्र बालके महिला व बालविकासकडे, दिव्यांग त्यांच्या विभागाकडे, ज्येष्ठ सामाजिक न्यायाकडे. एकाच घरातल्या तिघांसाठी संस्थाचालकाने तीन कार्यालयांचे उंबरे झिजवायचे.

समाज म्हणून आपली बाजूही तपासू. वाढदिवस आश्रमात साजरा करण्याची पद्धत आता चांगली रुळली आहे. त्यामागची भावना खरी असते आणि तिचा अनादर करण्याचे कारण नाही. पण पाहुणे येईपर्यंत जेवण थांबवून मुलांना ओळीत बसवणे, हात जोडायला लावणे, केक भरवतानाची छायाचित्रे सगळीकडे पाठवणे, हे थांबले पाहिजे. संरक्षणाखाली असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74ने मनाई आहे. शिवाय वर्षाच्या ठरावीक दिवशी मिठाईचे डोंगर आणि एरवी डाळीची टंचाई, असे व्हायला नको. आश्रमांना लागतात त्या रोजच्या गोष्टी: मोठ्यांचे डायपर, फिट्सची औषधे, चादरी, फिनेल, दुरुस्त होणाऱ्या व्हीलचेअर, आठवड्यातून दोनदा येणारा फिजिओथेरपिस्ट आणि मुख्य म्हणजे मावशींचा पगार. इमारतीला देणगीदार मिळतो, कारण तिच्यावर नाव कोरता येते. पगारावर नाव कोरता येत नाही. ज्याला खरेच द्यायचे आहे त्याने महिन्याला थोडे, पण वर्षानुवर्षे द्यावे. ज्याला पैसे देणे जमत नाही त्याने एका रुग्णाला दवाखान्यात नेण्या-आणण्याची जबाबदारी घ्यावी.

आणि सेवाभाव आहे म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवावा, असेही नाही. 2011 मध्ये पनवेलच्या एका बालगृहात बौद्धिक दिव्यांग मुलींवर झालेले अत्याचार उघडकीस आले, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. जे बोलू शकत नाहीत, त्यांच्यावर झालेला अन्याय भिंतींच्या आतच राहतो. म्हणून तपासणी हवी, अचानक हवी, आणि ती रजिस्टरे चाळून संपू नये. अंथरुणाखालची पाठ, स्वयंपाकघरातले पातेले, रात्रपाळीला किती जण आहेत, हे पाहणारी हवी. चांगल्या संस्थांना या तपासणीची भीती नसते. त्यांना त्रास होतो तो अनुदानाच्या हप्त्यासाठी वर्ष-वर्ष वाट पाहण्याचा. सरकारने वेळेवर पैसा द्यावा आणि वेळेवर तपासावे. आजवर दोन्हींत कुचराई झाली आहे.

संस्थेत माणसे ठेवण्यापेक्षा ती कुटुंबात वाढावीत, असा एक विचार आज जगभर मांडला जातो. तो योग्य आहे. दत्तक घेणारे, सांभाळणारे घर मिळाले तर त्याहून चांगले काही नाही. पण वस्तुस्थिती अशी की आपल्याकडे दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या बहुतेकांना निरोगी तान्हे बाळ हवे असते. बहुविकलांग मुलाला मागणी घालणारे दांपत्य विरळा. म्हाताऱ्या परक्या बाईला आई म्हणून घरी नेणारे त्याहून विरळा. ते दिवस येतील तेव्हा येवोत. तोवर आश्रमालाच घर व्हावे लागेल, आणि घर व्हायचे तर त्याने माणसाला शेवटपर्यंत सोबत द्यावी लागेल.

दिव्यांग मुलांच्या आईबापांना एकच प्रश्न रात्री झोपू देत नाही: आमच्यामागे याचे काय? तोच प्रश्न आज अनेक आश्रमांच्या संस्थापकांपुढे उभा आहे. आपल्याकडची बहुतेक मोठी सेवाकार्ये एका माणसाच्या किंवा एका दांपत्याच्या जिवावर उभी राहिली. बाबा आमटे 2008 मध्ये गेले, सिंधुताई सपकाळ 2022च्या जानेवारीत गेल्या. त्यांच्यामागे कार्ये चालू राहिली ती दुसऱ्या-तिसऱ्या पिढीने खांदा दिला म्हणून. प्रत्येक आश्रमाला असा वारस मिळेलच याची हमी कोण देणार? शेकडो पंगू जिवांचे भवितव्य एका वृद्ध माणसाच्या प्रकृतीवर अवलंबून राहावे, हे प्रगत म्हणवणाऱ्या राज्याला शोभत नाही. पुरस्कार देऊन आपण त्या माणसाचा गौरव करतो. त्याच्यामागे त्याच्या लेकरांना काय, हे ठरवणेही आपलेच काम आहे.

गाडगेबाबांनी याचा विचार फार आधी केला होता. धर्मशाळा बांधून त्या त्यांनी स्वतःच्या नावे ठेवल्या नाहीत, विश्वस्तांच्या हाती दिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. 1952 मध्ये बाबांच्या कामासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. आपण गेल्यावरही दार उघडे राहावे, ही काळजी निरक्षर म्हणवणाऱ्या त्या माणसाला होती. सगळी यंत्रणा हाताशी असलेल्या सरकारला ती का नसावी?

म्हणून आजच्या दिवशी राज्य सरकारकडे मागण्या स्पष्ट शब्दांत मांडायला हव्यात. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या अनाथाला अठराव्या वर्षी बालगृह सोडावे लागणार नाही, जिथे तो वाढला तिथेच किंवा त्याला लागून असलेल्या प्रौढगृहात तो आजन्म राहील आणि त्याच्या नावाचे अनुदान चालू राहील, असा कायदा विधिमंडळाने करावा. 2007च्या कायद्यातले ‘काढू शकते’ हे शब्द महाराष्ट्राने आपल्यापुरते ‘काढील’ असे करावेत आणि प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांचे घर उभारावे. ज्यांच्यापाशी कोणताच कागद नाही, त्यांच्यासाठी बालकल्याण समितीचा किंवा पोलिसांचा दाखला हाच रहिवासाचा पुरावा मानावा. आधार आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी पथकानेच आश्रमात यावे. मिश्र वयाच्या आश्रमांना एकाच कार्यालयातून मान्यता आणि अनुदान मिळावे. काळजीवाहू मावशी आणि दादांना किमान वेतन व विमा असावा. आणि संस्थापकामागे संस्था चालेनाशी झाली तर तिथल्या माणसांची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर राहील, हे आधीच लिहून ठेवावे.

यातली एकही मागणी राज्याच्या तिजोरीला न झेपणारी नाही. 2011च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या 29 लाखांच्या घरात होती. त्यांतले बहुतेक जण आपापल्या कुटुंबात आहेत. अनाथ आणि तीव्र दिव्यांग असे दोन्ही असलेल्यांचा गट लहान आहे. तो लहान आहे म्हणूनच आजवर दुर्लक्षित राहिला, आणि लहान आहे म्हणूनच त्याचा प्रश्न पूर्णपणे सोडवता येण्यासारखा आहे. नागपूरचे हिवाळी अधिवेशन दर वर्षी याच सुमारास भरते आणि तिथून वझ्झर काही तासांच्या वाटेवर आहे. लोकप्रतिनिधींनी गाडगेबाबांच्या प्रतिमेला हार घालावा, आणि त्याबरोबर या कायद्याचे विधेयकही सभागृहात मांडावे. ते मंजूर होईल त्या दिवशी वझ्झरच्या ऐंशी ओलांडलेल्या बापाला ‘माझ्यामागे काय’ याचे उत्तर मिळेल, आणि ते उत्तर देण्याची जबाबदारी अखेर राज्याने आपल्या खांद्यावर घेतलेली असेल.